उपकार तिकडचे, फेड इथली

परदेशातून आलेल्या माणसाभोवती घरी जी बैठक जमते तिच्यात, चॉकलेटे वाटून झाली की, एक किस्सा हमखास निघतो. बर्फात गाडी रुतली आणि समोरच्या घरातला म्हातारा न बोलावता फावडे घेऊन बाहेर आला. ट्राममध्ये विसरलेले पाकीट दुसऱ्या दिवशी पैशांसकट परत मिळाले. सुनेच्या बाळंतपणाला व्हिसा अडल्यामुळे आईला पोचता आले नाही, तर वरच्या मजल्यावरची तुर्की बाई रोज सूप करून आणत होती, तेही एकमेकींची भाषा येत नसताना. सांगणाऱ्याचा आवाज जरा कातर होतो. ऐकणारे माना डोलावतात. मग कोणीतरी म्हणतो, "तिकडची माणसंच वेगळी हो!" आणि विषय विमानाच्या तिकिटांवर जातो.

या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. ऐकायला ते कौतुकाचे वाटते, पण त्या म्हाताऱ्याने फावडे उचलले ते देशाच्या वतीने नव्हे. थंडी त्यालाही वाजत होती, पाठ त्याचीही दुखत असणार, आणि दार बंद करून टीव्हीसमोर बसायची मुभा त्यालाही होती. त्याने जे केले ते त्याने ठरवून केले. 'तिकडची माणसंच वेगळी' म्हटले की त्या ठरवण्याचे श्रेय हवेला आणि मातीला जाते. शिवाय त्यात आपलीही सोय होते. चांगुलपणा तिकडच्या मातीतच उगवत असेल तर इकडे तो पेरायची जबाबदारी आपल्यावर येत नाही. आठवण काढली, डोळे पाणावले, देणे फिटले!

ते फिटलेले नसते. महाराष्ट्राचे तर मुळीच फिटलेले नाही, कारण आपण ज्याला अभिमानाने सुधारणेचा इतिहास म्हणतो त्याचा बराचसा भाग अनोळखी परक्यांच्या ओसरीवर उभा राहिला आहे.

1880 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, रोझेल गावची थिओडिशिया कार्पेंटर नावाची बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. वेळ घालवायला तिने हाताशी पडलेला 'मिशनरी रिव्ह्यू'चा अंक उचलला. त्यात गोपाळराव जोशी या पोस्टखात्यातल्या माणसाचे कोल्हापूरहून आलेले पत्र छापले होते. बायकोला शिकवायचे आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा त्यात होती. पत्राखाली संपादक वाइल्डर यांचे उत्तरही होते आणि त्याचा रोख धर्मांतराकडे होता. वाइल्डर स्वतः कोल्हापुरात मिशनरी म्हणून राहिलेले. त्यांना इथली माणसे, इथली भाषा, इथल्या अडचणी ठाऊक होत्या. या बाईला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. ज्यांना ओळख होती त्या वाइल्डरांनी अट घातली आणि जिला ओळख नव्हती त्या बाईने विनाअट पत्र लिहिले. परोपकाराच्या बाजारात हे असे उलटे बरेचदा घडते.

पुढे तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. 4 जून 1883 रोजी अठरा वर्षांची ही मुलगी न्यूयॉर्कला बोटीतून उतरली, तेव्हा मावशी घ्यायला आली होती. कार्पेंटरांच्या घरात ती साडीत आणि आपल्या धर्मात राहिली. तिथून ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली आणि 11 मार्च 1886 रोजी पदवीधर डॉक्टर झाली. वर्षभराच्या आत, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने पुण्यात तिचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. तिची रक्षा पुढे अमेरिकेला पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. दातदुखीपायी एक मासिक चाळणाऱ्या बाईने इतक्या लांबच्या मुलीला अखेर आपल्या घरच्या माणसांत जागा दिली.

आनंदीबाईंवर आपल्याकडे कादंबरी, नाटक, चित्रपट सगळे झाले. त्यांत गोपाळरावांचा हट्ट आहे, आनंदीबाईंची जिद्द आहे, आणि असायलाच हवी. मावशी मात्र सहायक पात्र म्हणून येते आणि जाते. आणखी एक गोष्ट आपण हळूच बाजूला सारतो. अमेरिकेला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी 1883 मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालातले श्रीरामपूर) आनंदीबाईंनी भाषण केले. आपण परदेशी का जातो हे सांगताना रस्त्याने चालणाऱ्या शिकलेल्या बाईला स्वदेशातच किती छळ आणि टवाळी सोसावी लागते, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे अनोळखी माणसे त्यांना दोन्हीकडे भेटली. घरच्या रस्त्यावरची एका प्रकारची आणि रोझेलची दुसऱ्या.

यावर कोणी म्हणेल, बघा, आम्ही तेच म्हणत होतो, तिकडची माणसे वेगळीच! थोडे थांबावे. आनंदीबाई बोटीतून उतरल्या त्याच्या आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला होता. बोटींतून उतरणाऱ्या दुसऱ्या आशियाई माणसांच्या तोंडावर तोच देश दार लावत होता. म्हणून रोझेलच्या घराचे आभार अमेरिकेच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. तसे केले तर चिनी मजुरांवर अन्याय होतो आणि कार्पेंटरबाईंवरही होतो, कारण देशात परक्यांविरुद्ध वारे वाहत असताना तिने दार उघडले, हा तिचा मोठेपणाच त्यात नाहीसा होतो.

हीच गोष्ट पंडिता रमाबाईंना नीट कळली होती, असे मला वाटते. त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्या तिथे ख्रिस्ती झाल्या, आणि तरीही धर्ममतांवरून त्या जोगिणींशी पत्रांतून कडाक्याचा वाद घालत राहिल्या. 'आम्ही तुला पोसले, आता आमचे ऐक' हा सूर त्यांनी मानला नाही. आपल्याकडे उपकार आणि ताबेदारी यांची गल्लत फार जुनी आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या सगळ्याच गोष्टींना होकार द्यायचा, अशी आपली शिकवण. रमाबाईंनी मीठही खाल्ले आणि मतही राखले. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, जवळजवळ तीन वर्षे तो देश पायाखाली घातला, आणि 1889 मध्ये त्यावर मराठीत पुस्तक लिहिले: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. त्यात त्या देशाच्या कौतुकाला तोटा नाही, पण तिथल्या मूळ रहिवाशांचे आणि काळ्या माणसांचे काय केले गेले तेही लिहायला त्या विसरल्या नाहीत. ज्यांनी पाहुणचार केला त्यांच्याबद्दल खरे लिहिणे हाही त्यांना मान देण्याचाच प्रकार आहे. आजच्या प्रवासवर्णनांतून हे जवळपास संपले आहे. एक तर सगळेच गोड, नाहीतर 'तिकडे नाती नाहीत हो' असा उसासा.

रमाबाईंनी अमेरिकेत दुसरे एक काम केले. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी मंडळे निघाली. वर्षाला एक डॉलर, दहा वर्षे, असे वचन सभासदांनी द्यायचे. हिंदुस्थान नकाशावर दाखवा म्हटले असते तर त्यांतल्या कित्येकींचे बोट अडखळले असते. त्या पैशातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई. पुढे तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजे आपली बाया कर्वे झाली. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, मग हिंगणे आले, आणि हिंगण्यातून शिकून बाहेर पडलेल्या बायकांच्या लेकी-नाती आज पुण्यात, नाशकात, शिकागोत, सिडनीत आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी या क्षणी 'तिकडची माणसंच वेगळी' म्हणत असेल. डॉलर पाठवणाऱ्या त्या बायकांपैकी कोणालाही त्या ओळखत नाहीत, आणि त्या बायकांनाही गोदूबाईचे नाव कळण्याची शक्यता फारशी नव्हती.

शारदा सदनाच्या बाबतीत पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. 1893 मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून गदारोळ उठला, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, 'केसरी'ने झोड उठवली. त्या वादात कोण किती बरोबर हा या लेखाचा विषय नाही. फक्त एवढे नोंदवतो की परदेशी पैशामागचा हेतू तपासण्यात आपण जेवढी शक्ती खर्च केली, तिच्या चौथाईनेही स्वदेशी पैसा गोळा करून विधवांसाठी अशी दोन घरे उभारली असती तर हेतू तपासायची वेळच आली नसती. कर्व्यांनी नेमके तेच केले. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी वर्गणीची पावतीपुस्तके हाती घेतली. फेड म्हणतात ती अशी दिसते. कर्व्यांनी बोस्टनला आभाराचे ठराव पाठवले की नाही याने फारसा फरक पडत नाही. एका घराचे त्यांनी दुसरे घर केले.

विठ्ठल रामजी शिंदे हे आणखी एक नाव. इंग्लंडमधल्या युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ते 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, 1903 मध्ये परतले, आणि 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी मुंबईत भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू केले. जमखंडीच्या मराठा घरातला हा पदवीधर अस्पृश्यांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिला. ऑक्सफर्डहून आल्यावर चांगली नोकरी धरून सुखाने जगता आले असते.

आणि मग आंबेडकर. या विषयावर लिहायचे आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेखानी आत्मकथन उघडायचे नाही, हे होऊच शकत नाही. 1901 च्या सुमाराची गोष्ट आहे. साताऱ्याहून चार मुले, त्यांत लहानगा भीम, वडिलांकडे सुटीला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. नवे कपडे घातलेली ही नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवान बाजूने चालणार या बोलीवर. जवळ डबा होता, पाणी नव्हते, आणि रात्रभर कोणी पाणी दिले नाही. लक्षात घ्या, हा परदेश नव्हता. हा सातारा जिल्हा होता, आणि भेटलेली माणसे मराठी बोलत होती.

सोळा वर्षांनी हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडनहून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली: राहायचे कुठे? एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून जागा मिळवली. दिवस लोटले, आणि एका सकाळी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. दोन मित्रांना विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. दिवस बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. न्यूयॉर्कमध्ये ज्याला कोणी जात विचारली नाही त्याला बडोद्यात भाड्याची खोली मिळाली नाही.

इथेही कोलंबियाची आरती ओवाळायचे कारण नाही. विद्यापीठाला लागूनच हार्लेम होते, आणि काळ्या अमेरिकनांना त्या देशात बसायला, राहायला, मत द्यायला काय सोसावे लागत होते ते आंबेडकरांना पुरते ठाऊक होते. 1946 मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्या लढ्याशी आपले नाते सांगितले. आणखी एक बाब. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी होते, आणि कोलंबियात भेटलेला, पुढे आयुष्यभर पैशाअडक्याला धावून येणारा मित्र नवल भथेना, तोही पारशीच. माणुसकी जमातवार वाटून दिलेली नाही. म्हणून 'अमुक लोक फार चांगले' हे वाक्य 'अमुक लोक फार वाईट' या वाक्याचे सख्खे भावंड आहे, आणि जो पहिले सहज बोलतो तो दुसरेही सहज बोलतो, असा माझा अनुभव आहे.

आपण नेहमी पाहुण्याच्याच जागी होतो असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सायबेरियात आणि मध्य आशियात हाकलून दिलेल्या पोलिश माणसांपैकी सुमारे पाच हजार, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिली. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा होता, हे खरे, पण जागा, बाजार आणि शेजार कोल्हापूरचा होता. तिथे त्यांच्या शाळा चालल्या, चर्च होते, मुलांची स्काउट पथके पंचगंगेच्या परिसरात हिंडत. त्या मुलांनी म्हातारपणीही कोल्हापूर मनातून सोडले नाही. पुन्हा पुन्हा येऊन त्यांनी आपल्या लहानपणाच्या जागा शोधल्या. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. कोल्हापूरबाहेरच्या किती मराठी माणसांना हे माहीत आहे? उपकार घेणाऱ्यांनी लक्षात ठेवले. करणाऱ्यांच्या नातवंडांना पत्ता नाही. तसे हे चांगले लक्षणही म्हणता येईल, केलेले बोलून दाखवू नये म्हणतात. पण मला त्यात भीती वाटते. आपण एकदा परक्यांना नीट वागवले होते हे विसरलेला समाज, पुन्हा तसे वागता येते हेही विसरतो.

वळिवड्याची गोष्ट तिथेच थांबत नाही. फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधमधून उखडून आलेली माणसे राहायला आली. तेच आजचे गांधीनगर. आज कोल्हापूर-सांगलीची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातात, भावावरून हुज्जत घालतात, आणि 'हे लोक धंद्यात फार हुशार' असे म्हणत परततात.

आता आजचे पाहू. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात घर भाड्याने शोधणाऱ्या कोणालाही विचारा. आडनावावरून फोन ठेवला जातो. 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' या तीन शब्दांत जात, धर्म आणि प्रांत एकदम गाळले जातात. मणिपूरच्या मुलीला 'तू नेपाळची का' असे विचारतात, आणि ते विचारणाऱ्याचा स्वतःचा मुलगा म्युनिकमध्ये कोणी 'पाकिस्तानी का' विचारले म्हणून रात्रभर तळमळलेला असतो. ऑगस्ट 2012 मध्ये अफवांच्या भीतीने ईशान्य भारतातली हजारो मुले बंगळूर-पुण्याहून गाड्या भरभरून परत गेली, तेव्हा 'आमच्या घरी राहा, बघू कोण हात लावतो' म्हणणारी दारे किती उघडली होती, हे ज्याचे त्याने आठवावे. 2008 मध्ये मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. नोकरीसाठी परक्या शहरात परीक्षा द्यायला आलेली पोरे होती ती. आपली पोरे टोरांटोत काय वेगळे करतात?

आणि करमाड. 8 मे 2020 च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी चालत निघालेले सोळा मजूर रेल्वेरुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले. त्याच दिवसांत मुंबई-आग्रा रस्त्यावर गावागावांतली माणसे चालणाऱ्यांना पाणी, जेवण, चपला देत होती, हेही तितकेच खरे, आणि ते लिहिले नाही तर मीही 'इकडची माणसंच तशी' या खोटेपणात सापडेन. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाला नाव-गाव न विचारता वाढणारा हाच समाज आहे. आषाढात जमते ते इतर महिन्यांत का जमत नाही, एवढाच प्रश्न आहे. मला त्याचे उत्तर असे दिसते: वारकरी उद्या पुढच्या गावी जाणार असतो. जाणाऱ्याला आपण वाढतो. राहायला आलेल्याला मात्र कागदपत्रे मागतो, मग जात, मग जेवणात काय खातोस.

परदेशातले जे उपकार आपण आठवतो ते बहुतेक राहायला गेलेल्यांवरचे आहेत. फावडे घेऊन आलेला म्हातारा शेजारी होता. सूप आणणारी बाई वर राहत होती, आणि गंमत म्हणजे तीही त्या देशात परकीच होती. अनुभव सांगणाऱ्यांना थोडे खोदून विचारले तर असेच निघते. पहिल्या अडचणीत धावून आलेला माणूस कित्येकदा स्वतः तुर्की, पोलिश, व्हिएतनामी, पाकिस्तानी असतो. दुबईत मराठी माणसाला पहिली वाट दाखवणारा मलबारी किंवा पेशावरी असतो. त्यांनी आपल्याला मदत केली ती त्यांना कोणीतरी केली होती म्हणून. त्या साखळीत आपण आपला हात घातला आणि गावी परतताना सोडवून घेतला.

सुरक्षिततेचा मुद्दा निघतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी, परदेशी माणूस उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती कळवावी, हे सगळे करावेच. ते पंधरा मिनिटांचे ऑनलाइन काम आहे. तेवढ्या कामाचा बाऊ करून 'फॉरेनर नको' म्हणणारा घरमालक स्वतःच्या मुलाच्या जर्मन घरमालकिणीने किती फॉर्म भरले असतील याचा विचार करत नाही. दुसरा मुद्दा असा निघतो की तिकडे आता आपल्याच लोकांविरुद्ध वातावरण तापते आहे, मग आपण का उदार व्हावे? आनंदीबाईंच्या वेळीही वातावरण तापलेले होते. कार्पेंटरबाई वातावरण निवळायची वाट बघत बसल्या नाहीत.

पुण्यानेच याचे एक उत्तर दिलेले आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून खायला नेऊन देत असे. प्रा. शां. ब. मुजुमदारांच्या ते नजरेस पडले. आधी त्यांना वेगळीच शंका आली, मग खरे कळले, आणि परक्या देशातून आलेल्या या मुलांचे इथे कोणी नाही ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यातून 1971 मध्ये 'सिंबायोसिस' निघाली. पुढे तिचे मोठे विद्यापीठ झाले, तो वेगळा विषय. मला त्यातली खिडकी महत्त्वाची वाटते, कारण खिडकीतून देवाणघेवाण दिसली की आपल्याकडे वॉर्डनला शिस्त आठवते, आणि या प्राध्यापकाला कावीळ दिसली.

वॉर्डनची नजर आपल्या सोसायट्यांच्या कमिट्यांत बसलेली आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी असे माझे म्हणणे आहे. भाडेकरू ठेवला की सभासदाने संस्थेला कळवायचे असते, एवढेच. त्याची जात, धर्म, प्रांत किंवा स्वयंपाकघर तपासायचा अधिकार उपविधींनी कमिटीला दिलेला नाही. तरी तोंडी नियम चालतात, वॉचमनच्या मार्फत चालतात, ब्रोकरच्या कानात चालतात. सप्टेंबरअखेर प्रत्येक गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. लिफ्टची दुरुस्ती, पाण्याची टाकी आणि पार्किंगचे भांडण यांच्या जोडीला विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवता येईल: या इमारतीत भाडेकरूला आडनाव, आहार आणि देश यांवरून नाकारले जाणार नाही, आणि कोणी नाकारल्याचे कळल्यास कमिटी घरमालकाशी बोलेल. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. ज्यांची मुले बाहेर आहेत असे दोन सभासद आज कुठल्याही सोसायटीत सापडतील.